प्रकल्प नोंदी : 'मराठी' भाषा निवडली की जोडाक्षरं मोडतात

२० जानेवारी २०२५

काम: सहकारी गृहनिर्माण संस्था आणि लहान वाचनालयांसाठी लिबरऑफिस रायटरचे साचे. नोटीस, इतिवृत्त, थकबाकीचं स्मरणपत्र, सभासदत्वाचा अर्ज. यंत्रं डेबियन १२ या लिनक्स प्रणालीवर, लिबरऑफिस ७.४.७ आणि अक्षरं जुळवणारं शेपिंग इंजिन हार्फबझ ६.०.०, दोन्ही डेबियनच्याच भांडारातून. फॉन्ट मुक्त परवान्याचा. त्याची ताजी आवृत्ती मात्र निर्मात्यांच्या गिट भांडारातून, म्हणजे मूळ फाईली आणि त्यांचे बदल जिथे ठेवतात तिथून, उतरवलेली. फॉन्टचं नाव या नोंदींत घेत नाही. हा दोष कुठल्याही देवनागरी फॉन्टात असाच येऊ शकतो, आणि नाव एकदा छापलं की दोष निघून गेल्यावरही लोक तो फॉन्ट टाळत राहतात.

लक्षण: 'सर्व सभासदांस' हे 'सर्‌व सभासदांस' असं उमटतं. 'प्रति'चं 'प्‌रति', 'क्ष'चं 'क्‌ष'. 'वऱ्हाड'मधला अर्धा र तर टिंब आणि पाय मोडलेली खूण घेऊन अख्खा उभा. अनुस्वार, काना, मात्रा, उकार मात्र जागच्या जागी. पीडीएफमध्येही तेच.

एक धागा हाती आहे. त्याच फाईलमधला दुसरीकडून आणून चिकटवलेला एक परिच्छेद त्याच फॉन्टात व्यवस्थित दिसतो. त्या परिच्छेदाची भाषा 'हिंदी' राहून गेली आहे.

२१ जानेवारी

दोष कोणाच्या दारात टाकायचा हे ठरल्याशिवाय रिपोर्ट लिहायचा नाही. अक्षर पडद्यावर येईपर्यंत तीन टप्पे असतात: प्रोग्रॅम मजकूर आणि भाषा पुढे देतो, शेपिंग इंजिन नियम लावतं, आणि नियम स्वतः फॉन्टच्या पोटात असतात.

तपासलं ते असं:

लिबरऑफिस सेफ मोडमध्ये सुरू केलं, म्हणजे वापरकर्त्याची प्रोफाईल बाजूला राहते. दोष तसाच.

एफसी-लिस्ट या फॉन्टांची यादी देणाऱ्या आदेशाने पाहिलं की त्याच नावाच्या दोन प्रती यंत्रावर नाहीत ना. एक प्रत भांडारातून आलेली आणि दुसरी घरच्या फोल्डरात टाकलेली, असं झालं की तपासणाऱ्याच्या यंत्रावर दोष दिसत नाही आणि दोघंही खरं बोलत असूनही वाद होतो. इथे प्रत एकच.

पीडीएफवर पॉप्लरचं पीडीएफफॉन्ट्स हे आतले फॉन्ट दाखवणारं साधन चालवलं. आपलाच फॉन्ट आत बसवलेला आहे, पर्यायी फॉन्ट घुसलेला नाही.

'सर्व' एवढा एकच शब्द नव्या फाईलमध्ये लिहून सीटीएल (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची) भाषा मराठी केली: मोडला. हिंदी केली: जुळला. पुन्हा मराठी: पुन्हा मोडला. दोष हवा तेव्हा आणता आणि घालवता येतो, म्हणजे अर्धं काम झालं.

दोन ओळींची एचटीएमएल फाईल केली, एकीला भाषा मराठी, दुसरीला हिंदी, आणि फायरफॉक्समध्ये उघडली. तेच. लिबरऑफिस सुटलं. हार्फबझ मात्र यातून सुटत नाही, कारण फायरफॉक्सही अक्षरं जुळवायला हार्फबझच वापरतं. एकाच घरातले दोन साक्षीदार उभे केले तर ती साक्ष एकच.

२३ जानेवारी

हार्फबझसोबत येणाऱ्या एचबी-शेप या साधनाने प्रोग्रॅम पूर्ण बाजूला ठेवता येतो. शब्द टर्मिनलमध्ये चिकटवण्याऐवजी युनिकोड क्रमांक दिले, कारण चिकटवताना शून्य-रुंदीचा जोडक (अक्षरं कशी जुळावीत ते सांगणारं अदृश्य चिन्ह) कधी गळतो ते डोळ्यांना कळत नाही. 'सर्व'साठी ०९३८, ०९३०, ०९४डी, ०९३५.

भाषा हिंदी दिली की तीन ग्लिफ, म्हणजे फॉन्टातली अक्षरचित्रं, बाहेर येतात: स, व, रफार. भाषा मराठी दिली की चार: स, र, हलन्त, व. म्हणजे रफाराचा नियम लागलाच नाही. हेच दृश्य एचबी-व्ह्यूने पीएनजी चित्रात उतरवून ठेवलं. रिपोर्टला जोडायला स्क्रीनशॉटपेक्षा हे बरं, त्यात कुठल्याही प्रोग्रॅमचा संबंध उरत नाही.

मग फॉन्टटूल्सच्या टीटीएक्स आदेशाने फॉन्टचं जीसब टेबल, म्हणजे अक्षरांच्या जागी जोडरूपं बसवणाऱ्या नियमांचा तक्ता, एक्सएमएलमध्ये काढलं. कारण तिथे उघडं पडलं. 'डेव्ह२' (फॉन्टातलं देवनागरीचं नवं नाव) लिपीच्या खाली मूळ भाषेसाठी, म्हणजे वेगळी नोंद नसलेल्या सगळ्या भाषांसाठी, फीचरांची (नियमांच्या गटांची) लांब यादी आहे: नुक्ता, अखंड, रफार, रकार, अर्धी रूपं, जोडाक्षरं वगैरे. त्याखाली 'एमएआर', म्हणजे मराठीची स्वतंत्र नोंद आहे आणि तिच्या यादीत फीचर एकच: 'एलओसीएल', म्हणजे भाषेनुसार ल आणि श यांची मराठी वळणं आणणारं.

ओपनटाईप या फॉन्टच्या प्रमाण रचनेत भाषेची नोंद मूळ यादीचा वारसा घेत नाही. मराठीची नोंद सापडली की इंजिन तेवढीच यादी वाचतं; मूळ यादीकडे परत जात नाही. हिंदीची नोंद या फॉन्टात नाहीच, म्हणून हिंदीला मूळ यादी मिळते आणि सगळं सुरळीत चालतं. हार्फबझने अगदी बरोबर केलं आहे. ल आणि श मराठी दिसावेत म्हणून कोणीतरी आस्थेने जोडलेल्या ओळीने मराठीची जोडाक्षरं नेली.

अनुस्वार जागेवर का, याचंही उत्तर इथेच आहे. खुणा बसवणारं टेबल वेगळं, जीपॉस. त्यात मराठीची नोंदच नाही, म्हणून तिथे मूळ यादी लागू होते. निम्मं बरोबर दिसतं आणि त्यामुळेच हा दोष प्रोग्रॅमचा वाटतो.

२४ जानेवारी

फॉन्टचं भांडार क्लोन करून 'एमएआर' हा शब्द गिट लॉगच्या मोठ्या एस पर्यायाने शोधला. तो शब्द भांडारात ज्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, पहिल्यांदा आला तो लगेच मिळतो. आधीच्या आवृत्तीत दोष नाही, नंतरच्या प्रत्येकीत आहे. हा 'रिग्रेशन' आहे, आणि रिपोर्टात तसं म्हणता येणं मोलाचं असतं: पूर्वी चालत होतं, अमुक बदलानंतर बंद पडलं, एवढ्याने तपासणाऱ्याचा शोध एका कमिटवर येतो.

फॉन्टचे हे नियम ज्यात लिहितात त्या फीचर फाईलमध्ये वरच्या बाजूला 'लँग्वेजसिस्टम' अशा ओळी असतात. लिपी किंवा भाषा न सांगता लिहिलेली फीचरं फक्त तिथे जाहीर केलेल्या जोड्यांखाली नोंदली जातात. इथे डेव्ह२ची मूळ जोडी जाहीर आहे, डेव्ह२-मराठी नाही. 'एलओसीएल'च्या आत मात्र मराठीचा उल्लेख आहे, त्यामुळे नोंद तयार झाली आणि बाकीची फीचरं तिच्यात आली नाहीत.

नेपाळीचीही हीच गत. झ आणि काही अंकांची नेपाळी रूपं त्याच पद्धतीने घातली आहेत. नेपाळी भाषा देऊन 'सर्व' तपासला: चार ग्लिफ.

२७ जानेवारी

फॉन्टच्या भांडारात रिपोर्ट टाकण्याआधी शोध. फक्त उघडे इश्यू, म्हणजे न मिटलेल्या तक्रारी, पाहून चालत नाही. बंद झालेलेही पाहायचे, कारण तोच दोष 'आमच्याकडे दिसत नाही' म्हणून मिटवलेला असू शकतो. मराठी, एलओसीएल, लँगसिस, हाफ फॉर्म, रेफ, कंजंक्ट अशा वेगवेगळ्या शब्दांनी शोधलं. लक्षण सांगणारे आणि कारण सांगणारे लोक वेगळे शब्द वापरतात.

शीर्षकाचा पहिला मसुदा 'मराठी नीट दिसत नाही' असा होता. असं शीर्षक वाचून कोणी काही करू शकत नाही. पाठवलेलं शीर्षक, अर्थाने: 'डेव्ह२ची मराठी आणि नेपाळी नोंद फक्त एलओसीएल धरते, त्या भाषांत रफार व जोडाक्षरं होत नाहीत.'

खाली क्रमाने: फॉन्टची आवृत्ती आणि कमिट, हार्फबझची आवृत्ती, एचबी-शेपचा पूर्ण आदेश, युनिकोड क्रमांकांसह, काय आलं, काय यायला हवं, टीटीएक्सच्या एक्सएमएलमधला तेवढाच तुकडा, दोष कुठल्या कमिटपासून, दोन चित्रं. भाषा साधी इंग्रजी, लहान वाक्यं. 'गंभीर', 'तातडीचं', 'अक्षम्य' असले शब्द काढले. मराठी शब्दांना रोमन लिप्यंतर जोडलं. वाचणाऱ्याला देवनागरी येत असेलच असं धरायचं नाही.

'अ' वर चंद्र देऊन टाईप केलेल्या ॲ मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ येतं, तेही यातच टाकावं अशी सूचना होती. टाकलं नाही. ते फॉन्टचं नाही: अ आणि चंद्र असे दोन क्रमांक जोडणं युनिकोडला मान्य नाही, आणि हार्फबझ मुद्दाम वर्तुळ दाखवतं. मराठी ॲ साठी यू+०९७२ हा स्वतंत्र क्रमांक २००८ च्या युनिकोड ५.१ पासून आहे. ते काम कळफलकाच्या मांडणीचं. शिवाय एका रिपोर्टात दोन दोष घातले की एक सुटल्यावर रिपोर्ट बंद होतो आणि दुसरा त्यात पुरला जातो.

नमुना फाईल कोरी, नव्याने केलेली. खऱ्या थकबाकीच्या पत्राची प्रत 'नावं पुसून' जोडू नये. फाईलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव आणि जुने बदल राहतात, आणि बग ट्रॅकरवरची जोडणी जगजाहीर असते. ईमेल पत्ताही प्रकल्पाचा, कोणाचा खासगी नाही. डेबियनच्या बग यंत्रणेत तर पाठवणाऱ्याचा पत्ता कायम उघडा राहतो.

३१ जानेवारी

फॉन्टच्या निर्मात्यांकडून उत्तर आलं, सौम्य आणि मुद्द्याचं. कारण पटलं आहे. एक प्रश्न: ऱ ला अर्धं रूप मिळणं आणि रफार होणं यातला फरक वापरणाऱ्यांना खरंच जाणवतो का, की एक रूप दोन्हीकडे चालेल?

उत्तरात 'दऱ्या' आणि 'दर्या' शेजारी ठेवले: पहिला म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, दुसरा समुद्र. एकीकडे ०९३१, ०९४डी, ०९२एफ. दुसरीकडे ०९३०, ०९४डी, ०९२एफ. युनिकोड मानकाच्या देवनागरी नियमांतला आर५ हाच सांगतो की ऱ चं अर्धं रूप हे आडवं असावं आणि ते मराठी व नेवारीत (नेपाळमधली एक भाषा) वापरतात. आर५ए नुसार र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक या जुन्या पद्धतीनेही तेच रूप यायला हवं. दोन्ही पद्धती चाचणीत घ्याव्यात असं सुचवलं, कारण जुन्या मराठी फाईलींत दुसरी पद्धत भरपूर सापडते.

३ फेब्रुवारी

दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत साचे थांबवता येत नाहीत. तात्पुरते उपाय पडताळले.

एलओसीएल बंद करणं निरुपयोगी. फीचर बंद झालं तरी इंजिन मराठीची नोंदच निवडतं, आणि तिच्यात दुसरं काही नाही.

मजकुराची भाषा हिंदी करणं चालतं, पण शुद्धलेखन तपासणी हिंदी शब्दकोशाने होते. साच्यासाठी नको.

लिबरऑफिसमध्ये फॉन्टच्या नावापुढे अपूर्णविराम (:) देऊन फीचर लिहिता येतात. तिथेच भाषाही देता येते. फॉन्टपुरती भाषा हिंदी आणि मजकुराची मराठी असं केलं की जोडाक्षरं जुळतात, तपासणी मराठीच राहते. ल आणि श हिंदी वळणाचे येतात. महिनाभर चालवून घेऊ. साचे बाहेर देण्याआधी ही शेपटी काढायची आहे. शैलींच्या यादीत खूण केली.

फॉन्ट स्वतः दुरुस्त करून वाटणं हा तिसरा मार्ग. एसआयएल ओपन फॉन्ट परवाना १.१ बदलाला आणि वाटपाला मुभा देतो, पण निर्मात्यांनी नाव राखीव ठेवलं असेल तर बदललेली प्रत त्या नावाने वाटता येत नाही. परवान्याच्या पहिल्या काही ओळींतच ते लिहिलेलं असतं. इथे नाव राखीव आहे. चाचणीची प्रत केली ती नाव बदलून, फक्त गटाच्या यंत्रांवर.

५ फेब्रुवारी

पुल रिक्वेस्ट, म्हणजे आमची दुरुस्ती भांडारात घेण्याची विनंती, पाठवली. फीचर फाईलमध्ये वर चार 'लँग्वेजसिस्टम' ओळी: डेव्ह२ आणि जुनी 'देव' लिपी, प्रत्येकी मराठी आणि नेपाळी. सर्वसाधारण मूळ जोडीची ओळ असेल तर ती पहिलीच राहावी लागते, आणि या सगळ्या ओळी कुठल्याही फीचरच्या आधी.

एवढ्याने बहुतेक शब्द जुळले, 'विद्यार्थी' आणि 'वऱ्हाड' नाही जुळले. अर्ध्या रूपांच्या फीचरच्या आत लिपीचा वेगळा उल्लेख आहे. अशा फीचरला वरच्या जाहीर ओळी पुरत नाहीत. तिथे मराठी आणि नेपाळीचे उल्लेख आतच द्यावे लागले. दिले, की मूळ नियम आपोआप सोबत येतात.

फॉन्टबेकरी या फॉन्ट तपासणाऱ्या साधनाच्या शेपिंग तपासणीसाठी जेएसॉन फाईलही जोडली: शब्द, भाषा आणि अपेक्षित ग्लिफ. सर्व, प्रति, क्ष, ज्ञान, विद्यार्थी, वऱ्हाड, दऱ्या दोन्ही पद्धतींनी, दर्या. प्रत्येक शब्द मराठी, नेपाळी, हिंदी अशा तिन्ही भाषांत. दुरुस्तीपेक्षा ही फाईल जास्त काळ उपयोगी पडेल.

१० फेब्रुवारी

शांतता. स्मरणपत्र नाही. 'कधी होणार?' हा प्रश्न कामाचा वेग वाढवत नाही. एक्सझेड या फाईली आकुंचित करणाऱ्या मुक्त साधनात चोरदरवाजा घुसवण्याच्या प्रकरणात, जे २९ मार्च २०२४ ला उघड झालं, थकलेल्या देखभालकर्त्यावर अशाच 'लवकर करा' पत्रांचा मारा करून घातपात्याला आत जागा मिळवून दिली होती. तेव्हापासून असं पत्र अनेकांना नुसतं नकोसं नव्हे, संशयास्पदही वाटतं. सांगण्यासारखं नवं असेल तरच लिहायचं.

१४ फेब्रुवारी

युरोपातली एफएसएफई ही संस्था दरवर्षी आजच्या दिवशी मुक्त सॉफ्टवेअर करणाऱ्यांचे आभार मानायला सांगते. तारीख सोयीची आहे. आभारपत्रांचं काम आज हातावेगळं केलं.

कोणाचे मानायचे ते आधी शोधावं लागतं. फॉन्टच्या नेम टेबलात क्रमांक ८ ला निर्माता, ९ ला आरेखक, १३ ला परवाना असतो. भांडारात ऑथर्स, काँट्रिब्युटर्स, फॉन्टलॉग या फाईली. डेबियन पॅकेजच्या डॉक फोल्डरमधली कॉपीराईट फाईल. गिट शॉर्टलॉग फक्त कमिट करणारे मोजतं. तपासणारे, भाषांतर करणारे, बगांची छाननी करणारे त्यात नसतात.

पाठवायचं कुठे: इश्यू ट्रॅकरवर नाही. तिथे 'धन्यवाद' असा इश्यू उघडला की कोणाला तरी तो बंद करावा लागतो. डेबियनसाठी रिपोर्टबग या बग कळवण्याच्या साधनालाच 'कुडोस' पर्याय आहे. तो दिला की बग न नोंदवता पॅकेज सांभाळणाऱ्याला कौतुकाचं पत्र जातं. फार थोड्यांना ठाऊक असलेली सोय. बाकी प्रकल्पांनी जो पत्ता किंवा चर्चेची जागा स्वतः दिली आहे तीच वापरली. कमिटमधून उचललेल्या खासगी पत्त्यांवर काही पाठवलं नाही.

पत्रात तीन गोष्टी पुरतात: काय वापरतो, कशासाठी, आणि त्यांच्या कामातली कुठली नेमकी गोष्ट उपयोगी पडली. 'तुमचं सॉफ्टवेअर अप्रतिम आहे' हे वाक्य कोणालाही पाठवता येतं, म्हणून ते कोणालाच पोचत नाही. आणि शेवटी 'जाता जाता एक विनंती' नको. ती आली की वरचं सगळं प्रस्तावना ठरते.

हार्फबझला लिहिताना नेमकी गोष्ट सापडायला वेळ लागला नाही. युनिकोडनुसार ऱ हे अक्षर र आणि नुक्ता असं फोडता येतं. हार्फबझच्या इंडिक भागात 'ही अक्षरं फोडू नका' अशी छोटी यादी आहे आणि तिच्यात यू+०९३१ आहे. ते फुटलं असतं तर फॉन्टमधले ऱ चे नियम हुकण्याचा धोका होता. पत्राचा मजकूर एवढाच:

'आम्ही मराठी पत्रव्यवहाराचे साचे करतो. गेल्या महिन्यात एका फॉन्टमधला भाषानोंदीचा दोष एचबी-शेपमुळे सापडला. साधन नसतं तर आम्ही चुकीच्या प्रोग्रॅमला दोष देत बसलो असतो. यू+०९३१ न फोडण्याची तुमची ओळही वाचली. वऱ्हाड, कुऱ्हाड, दऱ्या हे शब्द रोज लिहिणाऱ्यांकडून तिच्यासाठी आभार. उत्तराची अपेक्षा नाही.'

शेवटचं वाक्य मुद्दाम. पत्र आलं की उत्तराचं ओझंही येतं, ते काढून टाकलेलं बरं.

२० फेब्रुवारी

पुल रिक्वेस्ट स्वीकारली गेली. एक बदल सुचवला होता: चाचणीतले ग्लिफ नावाने लिहावेत, क्रमांकाने नाही, कारण पुढच्या बिल्डमध्ये क्रमांक सरकतात. बरोबर आहे, केला.

डेबियनच्या टेस्टिंगमध्ये, म्हणजे तयार होत असलेल्या डेबियन १३ मध्ये, सदोष आवृत्ती पोचली आहे. स्टेबलमध्ये, म्हणजे डेबियन १२ मध्ये, जुनी आणि निर्दोष. रिपोर्टबगने टेस्टिंगवरच्या पॅकेजचा रिपोर्ट पाठवला, तीव्रता 'इंपॉर्टंट', मूळ इश्यूचा दुवा देऊन. डेबियन १३ साठी १५ मार्चपासून टप्प्याटप्प्याने फ्रीझ, म्हणजे बदलांवर बंधन, आहे. नंतर बदल आत जाणं अवघड होत जातं.

२७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. लिबरऑफिसच्या मराठी भाषांतरकारांना मराठीतच पत्र: 'नमस्कार. आमच्याकडे साचे वापरणाऱ्या बऱ्याच ज्येष्ठ सभासदांना इंग्रजी मेनू जमत नाही. तुम्ही केलेल्या मराठी मेनूंमुळे ते स्वतः पीडीएफ काढू लागले आहेत. मनापासून आभार.' दोन मेनूंतल्या शब्दांची विसंगती दिसली होती. ती या पत्रात घातली नाही. वेबलेट या भाषांतराच्या मंचावर सूचना म्हणून वेगळी टाकली.

४ मार्च

पैशांबद्दल. दरमहा देणगीचा विचार होता. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांनी कार्डावरच्या आवर्ती रकमांना नोंदणीकृत ई-मँडेट (आगाऊ संमती) लागतं, आणि परदेशी देणगी मंचांवर ते अनेकदा जुळत नाही. पहिला हप्ता जातो, दुसरा नाकारला जातो. वर्षातून एकदा, एकरकमी, हा मार्ग ठरवला. ज्यांच्या भांडारात फंडिंगची फाईल आहे त्यांनाच. ज्यांनी पैसे मागितलेले नाहीत त्यांना चाचणीची फाईल किंवा दस्तऐवजातली दुरुस्ती जास्त कामाची.

१८ मार्च

फॉन्टची नवी आवृत्ती आली. बदलांच्या यादीत मराठी आणि नेपाळीचा उल्लेख आहे.

पडताळणी: नाव बदललेली चाचणीची प्रत आणि सदोष आवृत्ती, दोन्ही यंत्रावरून काढल्या, फॉन्टांची यादी ताजी करणारं एफसी-कॅश चालवलं, नवी बसवली. एचबी-शेपमध्ये 'सर्व' मराठीत तीन ग्लिफ. दऱ्या दोन्ही पद्धतींनी जुळतो. टीटीएक्समध्ये मराठीच्या नोंदीखाली पूर्ण यादी. ल आणि श मराठी वळणाचे. नवी पीडीएफ काढून डोळ्यांनीही पाहिली. छापील प्रतीवर 'कार्यकारिणी'चा रफार वेलांटीला किंचित टेकतो, पण हिंदीतही तसाच टेकतो, तेव्हा तो वेगळा विषय आणि हवा तर वेगळा इश्यू.

मूळ इश्यूवर एक ओळ: अमुक आवृत्तीत, अमुक आदेशाने तपासलं, दोष नाही. डेबियनच्या रिपोर्टात दुरुस्त आवृत्तीचा क्रमांक कळवला.

साच्यांच्या शैलींतून हिंदीची शेपटी काढणं चालू. नोटीस आणि इतिवृत्त झाले. थकबाकीच्या पत्रातल्या तळटीपेची शैली आणि अर्जातलं कोष्टक बाकी.